साडी नेसणाऱ्यांचं दुखणं

१

प्रज्योतला आरोग्य केंद्राच्या पायऱ्यांवर आणून ठेवलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं. बनियन रक्तानं भिजलेला, हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र तट्ट फुगलेलं. डॉक्टर मनीषानं नाडी बघितली, पापणी वर करून बॅटरी मारली आणि बरोबर आलेल्या माणसांकडे बघून मान हलवली. इब्रामपूरहून जीपनं येता येता वाटेतच गेला होता बिचारा. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

त्याला घेऊन आले होते त्याचे वडील, सदाशिवबुवा. पेडणे तालुक्यात ह्या माणसाला ओळखत नाही असं घर सापडणं कठीण. दशावतारी नाटक मंडळात त्यांनी उभी हयात बायकांची कामं केली. बुवा साडी नेसून समोर आले की समोरच्या खऱ्या बायका पदर सावरून बसायच्या, असं लोक अजून सांगतात. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ, चेहरा तुळतुळीत, आवाज खणखणीत. प्रज्योत त्यांच्याच हाताखाली स्त्रीपार्ट करायला शिकला होता.

"किती दिवस आजारी होता?" मनीषानं विचारलं.

हात उचलून बुवांनी जीपला टेकून उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं.

"हिका इचारा. सकाळी हिच्या हातची च्याय घेतल्यान आणि भडाभडा रगत वकलो. वरीसभर हीच कायतरी घालीत होती तेका. माझ्या झिलाक हिना मारल्यान."

सून सेजल बांद्याकडची, लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. दिवस भरत आले होते तिचे. तिनं एकदा सासऱ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि ती पायरीवर मटकन खाली बसली. जमलेल्या लोकांपैकी कोणीही तिला पाणी विचारलं नाही.

शवविच्छेदन झालं. यकृत आक्रसून दगडासारखं कडक झालेलं, त्यात एक मोठी गाठ. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या आणि रक्त तिथून आलं होतं. मनीषाला वाटलं, चला, आजारच होता, सुटली पोर. पण उपनिरीक्षक गौरेश तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "यकृताची ही गत कशानं झाली तेवढं सांगा, डॉक्टर. बुवा म्हणतात, हळूहळू घातलेल्या विषानं."

"दारू, नाहीतर काविळीचा जुनाट विषाणू. रक्त विषाणूसाठी तपासलं का?"

"विष शोधायचं होतं, म्हणून विषासाठी पाठवलंय."

"अरे, पण विचारलं असतं तर..."

"आता नमुने सीलबंद आहेत. परत उघडायचे तर वरून परवानगी. विषाचा अहवाल कधी येईल तेही सांगता येत नाही." गौरेशनं कपाळ चोळलं. "आणि प्रज्योत दारूला शिवत नव्हता, हे अख्खा गाव सांगतो. माझ्यावर रोज फोन येतायत. तुम्ही मला काही दिलं नाहीत तर मला त्या बाईला आत घ्यावं लागेल."

"ती बाळंतपणाला टेकलीय, गौरेश."

"गरोदर बाई खून करत नाही असं कुठे लिहिलंय?"

मनीषाचं एक होतं, राग आला की तिचा आवाज खाली यायचा. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "मला थोडे दिवस दे."

२

बुवांच्या घरी जायचं म्हणजे आधी वाट बघायची. मनीषा सकाळीच इब्रामपूरला पोचली, तर बुवा ओट्यावर आरसा टांगून दाढी करत बसलेले. संध्याकाळी शेजारच्या गावी नाटक होतं. सुतक फिटलं होतं आणि देवळाला दिलेला शब्द मोडायचा नाही असा त्यांचा बाणा.

"बोलायचं होतं थोडं," ती म्हणाली.

बुवांनी नुसता हात वर केला. थांबा. पितळी वाटीत तुळशीचं पाणी, हातात हाडाच्या मुठीचा जुना वस्तरा. गाल झाले, हनुवटी झाली, हनुवटीवर लागलं तिथं त्यांनी तुरटी दाबली. मनीषाला वाटलं, झालं. कसलं झालं. त्यांनी पुढ्यात विशालला बसवलं. विशाल हा त्यांचा नवा चेला. प्रज्योतच्यानं उभं राहवेना तेव्हापासून, गेले काही महिने, स्त्रीपार्ट हाच करत होता. वस्तरा वाटीत बुडवून बुवा त्याच्या गालावरून फिरवू लागले. सावकाश, मूर्तीवरून हात फिरवावा तसा. मनीषा घड्याळ बघत, चुळबुळत, तिकडे केंद्रावर किती पेशंट खोळंबले असतील ह्याचा हिशेब करत बसली होती. मनातल्या मनात तिनं बुवांना काय काय ऐकवलं ते सांगण्यासारखं नाही.

"नीट बस रे," बुवा विशालला म्हणाले.

"सांदे दुखतत, बुवानू. जेवण पण जाय नाय."

"जाग्रणान होता तसा."

शेवटी एकदाचं ते काम संपलं आणि बुवा बोलते झाले. बोलते म्हणजे काय, तेच पालुपद. सून वाईट, सुनेचा हात वाईट. वाळपईच्या बाजूला यशवंत म्हणून कोणी झाडपाल्याचं औषध देतो, त्याच्याकडून तिनं मुळी आणली आणि प्रज्योतला काढा करून पाजली. त्या मुळीनंच घात केला.

"त्याआधी प्रज्योत ठणठणीत होता?"

"तसो दमान जाय थोडो. पण बाबली पण असोच..." बुवा बोलता बोलता थांबले.

"बाबली कोण?"

"माझो पयलो चेलो. तेचा पण असाच पोट फुगला. रगत वकानच गेलो. तेकाय कोणीतरी घातलेल्यान आसतला."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली बरीच वर्सा. प्रज्योताचा लगीन पण होवक नाय होता."

मनीषा पुढे सरकली. "म्हणजे तेव्हा सेजल ह्या घरात नव्हतीच. मग बाबलीला कोणी घातलं?"

बुवांचा चेहरा लाल झाला. आरसा खाली उतरवून ते उठले आणि म्हणाले, "तुमी डॉक्टर की वकील?" आणि आत निघून गेले.

३

गौरेशला तिनं बाबलीचं सांगितलं, तर तो म्हणाला, "ती वेगळी केस." असल्या माणसाचं काय करायचं. मनीषा स्वतःच निघाली.

आधी यशवंत. वाळपईच्या बाजाराच्या टोकाला त्याची पडवी, तिथं मुळ्या आणि साली वाळत घातलेल्या. म्हातारा घाबरला नाही. "मुळी दिली ती मीच, खोटं कशाला सांगू? पण ती बाय माझ्याकडे आली तेव्हा त्याचं पोट आधीच फुगलेलं. मी तिला म्हटलं, गो बाय, हे माझ्या हाताबाहेरचं, इस्पितळात ने. म्हणाली, तो ऐकत नाही, नाटकं बुडतील म्हणतो. म्हणून नुसती भूक लागायची मुळी दिली."

त्यानं तीच मुळी तिच्यासमोर चावून खाल्ली. मनीषानं एक तुकडा तपासायला घेतला, पण तिला त्यात फारसा अर्थ वाटेना. मुळी पोटात गेली शेवटच्या महिन्यांत, आणि यकृत झिजलं होतं कित्येक वर्षं.

मग ती पाळी गावात गेली. बाबुराव हा मंडळाचा राजा, राक्षस, जे लागेल ते. दिवसा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. अंगणात, ट्रकच्या तांबड्या धुळीतच खुर्ची टाकून तो चहात उंडा पाव बुडवून खात बसला होता. मनीषाला त्याच्याकडून हवा होता रंग. जुने नट तोंडाला फासतात त्या रंगात शिसं असतं, पारा असतो, असं तिच्या डोक्यात घोळत होतं. तोंडावाटे रोज थोडं थोडं पोटात गेलं तर?

"रंग मीच कालवतंय सगळ्यांचो," बाबुराव म्हणाला. "एकाच डब्यातलो. आणि राक्षसाक किती रंग लागता, म्हायत आसा? बायलेच्या पार्टाक नुसतो हात फिरवचो. माका नाकाडोळ्यात जायसर फासूचो लागता."

"किती वर्षं?"

"केस काळे होते तेवापासून."

"दारू घेता?"

तो मोकळेपणानं हसला. "डॉक्टरीणबाय, ता इचारू नकात."

तिनं त्याला तिथंच खुर्चीत बसवून डोळे बघितले, पोट चाचपलं, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी निकाल हातात आला तेव्हा तिला कागद फाडून टाकावासा वाटला. बाबुराव ठणठणीत होता. एवढा रंग, एवढी दारू, त्याच मंडळाच्या पातेल्यातलं जेवण, आणि ह्या गड्याचं यकृत खणखणीत. दारूला न शिवणारा प्रज्योत आणि तो बाबली मात्र पोट फुगून मेले होते. मुळी नाही, रंग नाही, दारू नाही. मनीषानं हात टेकले.

त्याच दुपारी गौरेशचा फोन आला. "उद्या मी सेजलला चौकीवर बोलावतोय."

४

चौकीच्या आधी मनीषानं सेजलला केंद्रावर बोलावलं. सासऱ्यानं तिची चूल मागच्या पडवीत वेगळी टाकली होती. गाव सोडायचं नाही असं पोलिसांनी बजावलेलं, त्यामुळे माहेरीही जाता येत नव्हतं. गरोदरपणातल्या तपासण्यांचं विचारलं तर तिला रडू आलं. सुरुवातीला एकदा झाल्या होत्या, तेव्हा सगळं ठीक होतं. पुढे नवराच अंथरुणाला खिळला, स्वतःकडे बघणार कोण.

"डॉक्टरीणबाय, मी च्यायच दिलंय. दुसरा काय्येक नाय. साखर कमी घाल म्हणालो, म्हणान कमी घातलंय." तिनं पदरानं नाक पुसलं. "माझ्या पोराक जल्मल्यार लोक काय म्हणतले? आवशीन बापाशीक मारल्यान?"

मनीषानं तिचं रक्त घेतलं. काविळीच्या विषाणूची तपासणी, ती जी प्रज्योतची व्हायला हवी होती आणि कोणी केली नव्हती. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. हिपॅटायटिस बी.

खरं तर हा पहिला पक्का धागा होता. पण मनीषा केंद्रात नसताना गौरेशनं कुठून तरी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायलेनं रोग आणला. नवऱ्याला दिला. विषानं मारलं नाही तर रोगानं मारलं, पण मारलं तिनंच. जबाब घेऊन सेजलला घरी सोडलं होतं. मनीषा चौकीवर गेली तेव्हा इतक्या हळू बोलली की गौरेशला पुढे वाकावं लागलं.

"पेशंटचा रोग चव्हाट्यावर आणायचा अधिकार तुला कोणी दिला?"

"चुकलं माझं. शिपाई बोलला बाहेर." तो ओशाळला होता. "पण डॉक्टर, आता दिसतंच आहे ना. हा रोग रक्तातून, नवराबायकोत पसरतो, तुम्हीच सांगता. मग हिनंच दिला."

खरं सांगायचं तर क्षणभर मनीषालाही तसं वाटलं होतं, आणि त्याबद्दल तिला स्वतःची चीड आली. तिनं आणखी एक तपासणी मागवली, लागण ताजी की जुनी ते सांगणारी. ते नमुने बाहेर जातात, गाडी आठवड्यातून ठरल्या दिवशी निघते, आणि त्या आठवड्यात ती निघालीच नाही. इकडे सेजलच्या पाण्याच्या कळशीला विहिरीवर कोणी हात लावू देईना. पाण्यातून, जेवणातून, शेजारी बसल्यानं हा रोग होत नाही हे मनीषानं विहिरीवर जाऊन सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि कळशा दुसऱ्या बाजूला नेल्या.

निकाल आला. ती तो वाचत होती तेवढ्यात दारात विशाल उभा राहिला. त्याच्या डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

५

"बस," मनीषा गौरेशला म्हणाली. "आणि मधे बोलू नकोस. मला एकदा मोठ्यानं बोलून बघायचंय."

तो बसला.

"विशालला तोच विषाणू आहे, आणि ताजा. सेजललाही ताजा. तिच्या रक्तात गेल्या काही महिन्यांतल्या लागणीची खूण आहे. प्रज्योतचं यकृत मात्र जुनं झिजलेलं. हा विषाणू यकृतात घर करून बसतो. तो स्वतः यकृत खात नाही. शरीर त्याला हुसकवायला जातं आणि आपलंच यकृत भाजून घेतं. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं, विशालचंही देईल अशी आशा आहे. ज्यांना जमत नाही त्यांच्यात तो दाह धुमसत राहतो. वर्षानुवर्षं. जखम होते, भरते, व्रण राहतो, परत जखम होते. व्रण साठून यकृत दगड होतं, आणि सारखं भरून काढता काढता एखादी पेशी बिघडते, तिची गाठ होते. ह्याला दोन वर्षं पुरत नाहीत. वीस-पंचवीस लागतात."

"म्हणजे प्रज्योतला लहानपणापासून..."

"मधे बोलू नकोस म्हटलं ना. हो, लहानपणापासून. म्हणजे सेजलनं त्याला दिला नाही, त्यानं तिला दिला. आणि बाबलीची लक्षणं तीच, तीही तिच्या येण्याआधीची. आता मला सांग, प्रज्योत, बाबली, विशाल, ह्या तिघांत काय सारखं आहे जे बाबुरावात नाही?"

"तिघंही स्त्रीपार्टी."

"साडी नेसल्यानं कावीळ होत नाही. रंग एकच, जेवण एकच. मग साडी नेसायच्या आधी पुरुषाला असं काय करावं लागतं, जे राक्षसाला लागत नाही?"

मनीषानं फोन उचलून बाबुरावला लावला आणि स्पीकरवर टाकला. "बाबुराव, नाटकाआधी तुमची दाढी कोण करतं?"

"आमची कोण करतलो? आमी घराकडसूनच करून येतव. स्त्रीपार्ट्याक मात्र बुवांचोच हात लागूक होयो. बुवांचो वस्तरो गालाक लागल्याबगर आमच्या मंडळात साडी नेसूक गावणा नाय. तो मान आसा, डॉक्टरीणबाय. दर खेळाक."

मनीषानं फोन ठेवला. दाढी. तुळशीचं पाणी, हनुवटीवर तुरटी, तीच वाटी, तोच वस्तरा, आणि मग विशालचा गाल. सगळं तिच्या नाकासमोर घडलं होतं आणि ही बाई घड्याळ बघत बसली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं असं तिला वाटलं.

"पण वस्तऱ्यावर रक्त कोणाचं?" गौरेशनं विचारलं.

"जो सगळ्यांच्या आधी स्वतःची दाढी करतो त्याचं."

गौरेश उठून उभा राहिला. "डॉक्टर, तक्रार त्यांचीच आहे."

६

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. अर्ध्यात त्यांनी डोळे मिटले, म्हणून मनीषाला वाटलं की पटतंय. पटत कसलं होतं.

"माका उभ्या जल्मात कधी साधी कावीळ होवक नाय," ते म्हणाले.

"म्हणूनच तर कळलं नाही, बुवा. काही माणसांच्या अंगात हा विषाणू जन्मभर निजून राहतो. त्यांना काही होत नाही. त्यांच्याकडून दुसऱ्याला जातो. तुमच्या रक्ताची एक तपासणी केली तर..."

"तो वस्तरो माझ्या गुरूचो. तुळशीच्या पाण्यान धुतंय मी तो. तेका पाय लागलो तर मी उपास करतंय."

"तुळशीच्या पाण्यानं हा विषाणू मरत नाही. सुकलेल्या रक्तातसुद्धा तो कितीतरी दिवस जगतो."

"बाबलीक मी हातान घडवलंय. आणि प्रज्योत..." त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तेचा जावळ मीच काढलेलंय. ह्याच वस्तऱ्यान. न्हावी बोलवक दिवक नाय मी."

बुवांनी पंचा झटकला आणि त्यांचा चेहरा परत दगड झाला.

"चला उठा. सुनेक वाचवक माझ्यार ढकलतात. आमच्या घराण्याचो मान माती करूक इल्यात. रगत दिवचंय नाय मी."

अंगणात गौरेश उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता. पण त्याचंही घोडं अडलेलंच. "मला पटलंय, डॉक्टर. पण कागदावर काय लिहू? त्यांच्या रक्ताशिवाय हा सगळा तर्क आहे. जबरदस्तीनं रक्त घेता येत नाही. आणि तक्रार जिवंत आहे तोवर सेजल संशयितच."

"आणि विषाचा अहवाल?"

"अजून आठवडाभरात येईल म्हणतात. मागच्या आठवड्यातही हेच म्हणाले होते."

मनीषा गाडीत बसली आणि तिनं दार इतकं जोरात आपटलं की काच खाली सरकली. खून करणारा माणूस असता तर एव्हाना पकडला असता. इथं खुनीच नव्हता, आणि तरी एक बाई खुनी ठरून बसली होती. परतताना ती मंडळाच्या प्रत्येक स्त्रीपार्ट्याच्या दारी थांबली, जुन्या, नव्या, सोडून गेलेल्या. काहींनी तपासणीला हात पुढे केला. काहींनी बुवांचं नाव ऐकून तिला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं.

केंद्राच्या दारात नर्स धावत आली. सेजलला कळा सुरू झाल्या होत्या.

७

मुलगी झाली, भर दुपारी, तालुक्याच्या इस्पितळात. मनीषानं आधीपासूनच सगळं तयार ठेवलं होतं, आणि त्यासाठी तिनं किती जणांशी भांडण केलं ते तिलाच ठाऊक. बाळाच्या एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत तयार प्रतिकारद्रव्य. आईकडून बाळाला जन्मताना लागण झाली की ती बहुधा जन्मभर राहते. पहिल्या काही तासांत टोचलं की बहुतेक बाळं वाचतात. पोरगी किंचाळली, लाल झाली आणि आईच्या कुशीत जाऊन गप्प झाली.

"दूध पाजू मा?" सेजलनं घाबरत विचारलं.

"पाज. दुधातून जात नाही. निर्धास्त पाज."

मनीषा हात धुऊन बाहेर आली, तर बाकावर सदाशिवबुवा बसलेले. दाढी वाढलेली. त्यांना अशा अवस्थेत तिनं कधी बघितलं नव्हतं. शेजारी गौरेश होता.

"सकाळी चौकीवर आले," तो हळूच म्हणाला. "तक्रार मागे घेतली. स्वतःहून. सारखं त्या जावळाचंच बोलत होते. मग म्हणाले, मला डॉक्टरांकडे ने."

बुवांनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला. मनीषानं बोटातून थेंबभर रक्त घेऊन पट्टीवर टाकलं. तिघंही त्या पट्टीकडे बघत बसले. दुसरी रेघ लगेच उमटली, चांगली ठळक.

"ह्या माझ्यात खयसून इला?" बुवांनी विचारलं.

"सांगता येणार नाही. तुमच्या गुरूंकडून असेल. कदाचित आईकडून, जन्मतानाच."

"तेवा ही टोचणी नाय होती?"

"नव्हती, बुवा."

त्यांनी मान हलवली. इतके दिवस मनीषाला ह्या माणसाचा नुसता संताप येत होता. आता कळवळाही आला आणि त्याचाही तिला रागच आला. तिनं त्यांना समजावलं. तुम्ही कोणाला मारलं नाहीत, तुम्हाला माहीत नव्हतं, आता तुमची नीट तपासणी करू, गरज पडली तर गोळ्याही आहेत. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मग ते उठले आणि वॉर्डच्या दारापर्यंत गेले.

सेजलनं त्यांना बघितलं आणि बाळावरचं फडकं सारखं केलं.

"सेजल," बुवा म्हणाले. "मी तक्रार मागे घेतलंय. डॉक्टरीणबाय म्हणतत, माझो गुन्हो नाय. रोगान केल्यान ता सगळा. माका काय म्हायत होता?"

"नाय, बाबानू. रोग तुमका इचारून इलो नाय. तेचो दोष मी तुमका कधी दिवचंय नाय. माझ्या घोवाचो जीव तुमी घेवक नाय, ता माका समाजता." ती शांतपणे बोलत होती. "पण माका खुनी म्हणलात, ता काय रोगान म्हणूक नाय. ता तुमी म्हणलात. सगळ्यांच्या समोर म्हणलात."

बुवा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"चौकीर मागे घेतलात, बरा केलात. पण माका खुनी पोलिसांनी म्हणूक नाय, गावान म्हटल्यान. गावात जावन सांगा. कशान मेलो, कोणाकडसून इला, सगळा सांगा. मगे नातीक बघूक येवा."

मनीषाला मधे पडावंसं वाटलं. म्हातारा माणूस, पोरगा गेलेला, एवढं तरी बघू दे. पण तिनं तोंड उघडलं नाही. बुवांनी बाळाच्या दिशेनं वाकायचा प्रयत्न केला नाही. ते मागे वळले, बाकावरची आपली पिशवी उचलली आणि गौरेशनं जीपनं सोडतो म्हटलं त्याला नको म्हणाले. इब्रामपूरची बस लागली होती. बसमध्ये गावची माणसं होती, त्यांनी सरकून बुवांना खिडकीची जागा दिली. बुवा बसले नाहीत. दांडीला धरून, सगळ्यांकडे तोंड करून ते उभे राहिले आणि बस सुटायच्या आधीच बोलायला लागले.